इंदूबाईचं मत

फुलसावंगीच्या वाचनालयात दर वसंत पंचमीला कादंबऱ्यांचे नंबर लागत. ही कल्पना कुणा शहाण्याला सुचलेली नव्हती, ती भांडणातून निघाली होती. छप्पन साली आपला जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला, त्याच हिवाळ्यात चावडीशेजारच्या खोलीत एक कपाट आणि त्रेसष्ट पुस्तकं घेऊन वाचनालय उघडलं. वर्ष सरायच्या आत, सगळ्यांत चांगली कादंबरी कोणती यावरून दोन सभ्य गृहस्थ एकमेकांच्या आजोबांपर्यंत जाऊन पोचले. तेव्हा मत घ्यायचं ठरलं. पण हात वर करायचा तर माणूस भिडेला पडतो, आणि चिठ्ठी लिहावी तर एवढ्याशा गावात अक्षर कुणाचं ते आंधळ्यालाही कळतं. म्हणून तूर आली. सतरंजीवर कादंबऱ्या मांडायच्या, प्रत्येकीपुढे एक गाडगं ठेवायचं. वाचकानं नव्या तुरीचे सहा दाणे मुठीत घ्यायचे आणि ओळीनं सगळ्या गाडग्यांत मूठ घालत जायचं. पहिल्या आवडीला तीन दाणे, दुसरीला दोन, तिसरीला एक. मूठ सगळीकडे जाते, दाणे कुठं पडले ते कुणाला दिसत नाही. शेवटी दाणे मोजायचे की नंबर लागले.

वाचनालयाचे चिटणीस होते वामनराव देशमुख. घरचा कापूस, घरची तूर, वय चोपन्न, आणि स्वभाव असा की सरळ पडलेली काठीसुद्धा उचलून परत सरळ ठेवतील. त्यांची कादंबरी ठरलेली होती, ‘कुमुदिनीचा शेला’. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका सरदाराची मुलगी लढाईवर गेलेल्या माणसाची चौदा वर्षं वाट पाहते, त्याच्यासाठी शेला विणते, तो परत येतो आणि तिला ओळखत नाही. मग एकोणिसाव्या प्रकरणात ती तोच शेला अंगावर घेऊन नदीत उतरते. वामनरावांनी ही कादंबरी अकरा वेळा वाचली होती, आणि एकोणिसाव्या प्रकरणाशी दर वेळी त्यांचा चष्मा ओला झाला होता. त्यांचे प्रतिस्पर्धी होते पोस्टातून निवृत्त झालेले भगवानराव. ते ‘लाल कंदिलाचा माणूस’ या रहस्यकथेचे भक्त. खून झाल्याशिवाय कादंबरीत जीव येत नाही, असं ते म्हणत. मागच्या दोन वर्षी कंदील पहिला आला होता आणि शेला दुसरा, तोही दोन-चार दाण्यांनी.

त्रेसष्ट सालच्या नंबराचं वामनरावांनी मनावर घेतलं होतं, त्याला कारण होतं. आदल्या श्रावणात त्यांची बायको इंदूबाई तापानं गेली. इंदूबाई वाचनालयाची पहिली स्त्री सभासद. ज्या काळी गावातल्या बायका वाचनालयाच्या पायरीकडे बघतसुद्धा नसत, त्या काळी ती डोक्यावरून पदर घेऊन आली होती आणि रजिस्टरात सही करून पुस्तक घेऊन गेली होती. वामनरावांना आयुष्यात कशाचा अभिमान वाटला असेल तर याचा. भरघोस पीक पुष्कळांच्या शेतात येतं, पण वाचणारी बायको तालुक्यात कुणाच्या घरी होती? दुपारी ओसरीवर खांबाला टेकून ती पुस्तक उघडून बसे, आणि शेतावरून येणारे वामनराव फाटकातूनच तिला पाहत आणि आपण मोठे श्रीमंत आहोत असं त्यांना वाटे. दर पंचमीला तिचे तीन दाणे शेल्यालाच पडत, असं ती सांगे. आवड मिळतीजुळती असली की संसार सुखाचा होतो, असं ते चारचौघांत सांगत.

पंचमीच्या पंधरा दिवस आधी सभा झाली. तिच्यात दोन ठराव झाले, आणि दोन्ही वामनरावांनीच मांडले. पहिला असा, की वर्षश्राद्ध होईपर्यंत माणूस घरातच असतं, तेव्हा कै. इंदूबाईचं मत या वर्षीही धरावं आणि ते पतीनं टाकावं. हे सगळ्यांनी माना खाली घालून मान्य केलं. मग सेवादास उभा राहिला. हा नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यावरचा, तांड्याच्या शाळेत मास्तर. त्यानं सांगितलं, की त्याची आई भुरीबाई आणि तांड्याच्या आणखी दहा बायका सहा हंगाम झाले वामनरावांच्या कापसाच्या खोलीत कवडी वेचायला जातात. कवडी म्हणजे पिवळा पडलेला, किडका कापूस. तो चांगल्या कापसातून निवडून काढायचा. हे काम चालू असताना इंदूबाई त्यांना पुस्तक वाचून दाखवायची. तर या अकरा बायकांनीही मत द्यावं की नाही?

वामनरावांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी चष्मा पुसला की सभेला कळायचं, आता तत्त्व निघणार.

“वाचक कोणाले म्हणाचं?” ते म्हणाले. “ज्यानं सोताच्या डोयानं अक्षर वाचलं त्याले. कान म्हंजे काही डोया नाही. आज ऐकणाऱ्याले मत देलं, तर उद्या एखादा म्हणंल मी पुस्तकाचा वास घेतला, मलेही सहा दाणे द्या.”

सभा हसली. सेवादास हळूच म्हणाला, की बायका सगळ्या शेल्यालाच देणार आहेत. म्हणजे अकरा त्रिक तेहतीस दाणे आपणहून चालत दारी आले होते. वामनराव क्षणभर थांबले, पण तत्त्व ते तत्त्व. ठराव लिहिला गेला, की ज्यानं स्वतः वाचलं नाही त्याचं मत बाद. खाली चिटणिसांची झोकदार सही झाली. भगवानरावांनी या ठरावाला अनुमोदन दिलं, त्यांचं तर फावलंच होतं.

मत नाकारलं तरी वामनराव मनातून फुलले होते. आपली बायको आपली कादंबरी अकरा अडाणी बायकांना वाचून दाखवत होती, आणि त्यांनाही ती सगळ्यांत जास्त आवडली, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कापसाच्या खोलीत ते सहसा जात नसत, तिथलं सगळं दिवाणजी बघत. दुसऱ्या दिवशी मात्र ते मुद्दाम गेले. बायका कापसाच्या ढिगाभोवती बसल्या होत्या. भुरीबाई त्यांच्यात वडीलधारी, हातात दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, बोटं मात्र एखाद्या पोरीला लाजवतील अशी चपळ. वामनरावांनी उभ्याउभ्याच विचारलं, की बाईंनी वाचलेल्या पुस्तकात तुम्हाला कुठला भाग आवडला? उत्तर त्यांना माहीतच होतं. नदीचा प्रसंग.

भुरीबाई म्हणाली, की कुमुदिनी मोटरीनं उमरखेडच्या बाजाराला जाते, तो भाग.

वामनरावांना वाटलं, ही थट्टा करते आहे. तीनशे वर्षांपूर्वी मोटर कुठली आणि सरदाराच्या मुलीला उमरखेडचा बाजार कशाला? पण दुसरी, मानीबाई, म्हणाली की आपल्याला तर म्हैस हरवते तो भाग आवडतो. तिसरीला सासऱ्याच्या तंबाखूत मिरचीची पूड निघते तो भाग आठवला, आणि त्याबरोबर सगळ्या जणी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एकीनं सांगायला घेतलं की दुसरी पुढचं सांगे, आणि कुणाच्या सांगण्यात फरक पडत नव्हता. म्हैस नाल्याकाठी सापडते हे अकराही जणींना माहीत होतं. म्हशीचं एक शिंग मोडकं होतं हेही.

वामनराव घरी आले आणि दुपारचं जेवण तसंच राहिलं. एक बाई चुकली असती तर समजण्यासारखं होतं. अकरा बायका एकसारख्या कशा चुकतील? बहुतेक पुस्तकच दुसरं असेल. त्यांनी वाचनालयातल्या सगळ्या कादंबऱ्या टोपलीत भरल्या, गड्याच्या डोक्यावर दिल्या आणि कापसाच्या खोलीत नेऊन मांडल्या. म्हटलं, दाखवा कोणतं. भुरीबाईनं क्षणभरही वेळ न घालवता बोट ठेवलं, ते ‘कुमुदिनीच्या शेल्या’वर. पुठ्ठ्यावर निळ्या शाईचा डाग आहे तेच, ती म्हणाली. हा डाग वामनरावांच्या चांगला ओळखीचा होता. तीन वर्षांपूर्वी तो पडला तेव्हा त्यांनी सगळ्या सभासदांना उभं करून विचारलं होतं, आणि कुणीच कबूल झालं नव्हतं.

त्यानंतरचे चार दिवस वामनरावांनी जे केलं ते त्यांचं त्यांनाच सांगायला लाज वाटली असती. त्यांनी शेला बाराव्यांदा वाचला, पण या वेळी म्हैस शोधत. पानं एकमेकांना चिकटली असतील म्हणून प्रत्येक पान उजेडात धरून पाहिलं. तीनशे बारा पानं होती, तीनशे बारा भरली. मग बाकीच्या कादंबऱ्या चाळल्या. लाल कंदिलात एक म्हैस निघाली, पण ती दुसऱ्याच ओळीत मरत होती आणि तिला दोन्ही शिंगं होती. रात्री अंथरुणावर पडलं की डोक्यात चक्र सुरू होई. एकोणिसावं प्रकरण त्यांनी इंदूबाईला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं तेव्हा ती रडली होती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग त्याच पुस्तकात तिला मोटर कुठं दिसली? नदीत बुडणारी कुमुदिनी बायकांपुढे म्हैस का हुडकत होती? सरळ हिशेबाचा माणूस, पण कुठल्याच बाजूनं हिशेब लागेना. डोकं चालायचं बंद झालं तेव्हा पाचव्या दिवशी ते परत कापसाच्या खोलीकडे गेले. बाकीच्या बायका भाकरी खायला विहिरीवर गेल्या होत्या आणि भुरीबाई एकटी पोतं झटकत होती.

“भुरीबाई,” ते म्हणाले, “हे पुस्तक मी पान अन् पान पाह्यलं. त्याच्यात म्हैस नाही. तुमची बाई काय वाचत होती, मले खरं सांग.”

भुरीबाईनं पोतं खाली ठेवलं. मेलेल्या माणसाचं झाकलेलं उघडावं की नाही, हे ती मनाशी तोलत असावी.

“मालक,” ती म्हणाली, “बाईले वाचता येत नव्हतं. आमाले येत नाही, तसंच.”

वामनरावांनी तिला खोटं बोलू नकोस म्हणून दटावलं. भुरीबाई घाबरली नाही. मग तिनं जे सांगितलं ते असं. सोयरीक जुळवणाऱ्यानं मुलगी चौथी शिकलेली आहे असं ठोकून दिलं होतं. इंदूबाईचे वडील भिडस्त, ते गप्प राहिले. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवऱ्यानं विचारलं, की कादंबरी वाचतेस ना? आणि सतरा वर्षांच्या पोरीच्या तोंडून हो निघून गेलं. एकदा हो म्हटल्यावर मागं फिरायला वाटच राहिली नाही. सही तेवढी ती माहेरी जाऊन भावाकडून गिरवून आली. पुस्तक रोज रात्री वामनराव मोठ्यानं वाचत, ते ती ऐकून ध्यानात ठेवी आणि त्यावर दुसऱ्या दिवशी दोन शब्द बोले. कापसाच्या खोलीत पुस्तक आणलं ते दिवाणजीमुळे. बायका काम करता करता बोलल्या की दिवाणजी खेकसे, की गप्पा मारून राहिल्या. पण मालकीणबाई पुस्तक वाचते म्हटल्यावर त्याची काय बिशाद. म्हणून ती पुस्तक उघडून धरी आणि आपल्या मनचं सांगत बसे. नाव कुमुदिनीचं, बाकी सगळं इंदूबाईचं. अक्षर तर कुणालाच ओळखू येत नव्हतं, तेव्हा पुस्तक उलटं धरलं गेलं आणि दिवाणजीनं पाहिलं तर फजिती. त्यावर तोड म्हणून तिनं पुठ्ठ्याच्या वरच्या कोपऱ्यावर शाईचा ठिपका दिला. ठिपका खाली गेला की भुरीबाई खोकायची.

वामनराव कापसाच्या पोत्यावर बसले. पहिल्यांदा त्यांना राग आला, चांगला सणसणीत. सव्वीस वर्षं त्यांच्या घरात त्यांनाच मूर्ख बनवलं गेलं होतं आणि तांड्यावरच्या अकरा बायकांना ते ठाऊक होतं. मग एकेक आठवायला लागलं. माहेरची पत्रं तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर मोत्यासारखं, असं ती म्हणे. आणि त्यांना बरं वाटे. तिचे डोळे दिवेलागणीलाच दुखायला लागत, म्हणून वाचायचं काम त्यांच्याकडे येई. एकदा ओसरीवर ती पुस्तकात बघून गालातल्या गालात हसत होती, म्हणून त्यांनी डोकावून पाहिलं तर ते पान प्रकाशकाच्या पुस्तकांच्या यादीचं होतं. यादी वाचूनही हिला हसू येतं, किती ही वाचनाची गोडी, असं त्यांनी कौतुकानं भगवानरावांना सांगितलं होतं. राग ओसरला आणि त्याच्या जागी काय आलं ते त्यांना कळेना. ज्या बाईसाठी ते सहा महिने झुरत होते ती वाचणारी इंदूबाई होती. ती तर कधी नव्हतीच. आणि जी होती, म्हैस हरवून बायकांना पोट धरून हसवणारी, तिच्याशी त्यांची धड ओळखही नव्हती. मग ते रडत होते कुणासाठी? आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची तरी कुठं?

त्यात आणखी ठराव होता. ज्यानं स्वतः वाचलं नाही त्याचं मत बाद, हे त्यांच्याच हातचं अक्षर. म्हणजे इंदूबाईचं मत या वर्षी तर नाहीच, पण मागचीही सगळी बाद. सगळं जाणून तिचे दाणे टाकले तर चिटणीसच लबाड ठरतो. न टाकले तर गाव विचारणार, का? आणि त्याचं खरं उत्तर म्हणजे बायकोची सव्वीस वर्षं चावडीसमोर उघडी पाडणं. वामनरावांचा हात दगडाखाली सापडला होता. उरलेले आठ-दहा दिवस ते ठरावाचं रजिस्टर तेवढं उघडत आणि मिटून ठेवत.

पंचमीच्या सकाळी त्यांनी तांड्यावर निरोप धाडला, की सेवादासनं अकराही बायकांना घेऊन यावं.

चावडीसमोर सतरंज्या पडल्या होत्या, कादंबऱ्या मांडल्या होत्या, पुढं गाडगी. बायका काचा लावलेल्या फेट्या, म्हणजे घागरे, आणि ओढण्या सावरत एका कडेला येऊन बसल्या तेव्हा कुजबूज सुरू झाली. वामनराव उभे राहिले. चष्मा त्यांनी पुसला नाही. मागचा ठराव आपण मागं घेतो, एवढंच ते म्हणाले. ज्यानं ऐकलं तोही वाचकच धरावा.

भगवानराव हे सोडणार नव्हते. पंधरा दिवसांपूर्वीचं भाषण त्यांना तोंडपाठ होतं. कानाला इतक्या लवकर डोळे कसे फुटले, असं त्यांनी विचारलं आणि सभा खो खो हसली. मग त्यांनी आवाज खाली आणला.

“वामनराव, कारण सांगा. नाहीतर लोक म्हनतीन, दोन वर्षं हारले, म्हून आपल्या मजुरीच्या बायका आणून बसवल्या.”

वामनरावांनी आजूबाजूला पाहिलं. सहा वर्षांत त्यांच्या रजिस्टरात एक खाडाखोड नव्हती, आणि समोरचे चेहरे मात्र आता भगवानरावांच्या बाजूचे झाले होते. कारण त्यांच्या जिभेवर होतं. एक वाक्य बोललं असतं तर ते सुटले असते.

“कारण काही नाही,” ते म्हणाले. “माहं चुकलं होतं. लोकाले काय म्हणाचं ते म्हणू द्या.”

वामनरावांच्या तोंडून हे शब्द गावानं कधी ऐकले नव्हते. हसणं थांबलं, पण ते आदरानं नव्हे. लोक एकमेकांकडे बघायला लागले. ठराव कसाबसा मागे घेतला गेला, दोघं तर उठून निघूनच गेले. मग मुठी गाडग्यांत जायला लागल्या. वामनरावांची पाळी आली तेव्हा ते शेल्याच्या गाडग्यापुढे थांबले. आपण कोणत्या शेल्याला मत देतो आहोत, नदीच्या की म्हशीच्या, हे त्यांना सांगता आलं नसतं. तीन दाणे त्यांनी त्या गाडग्यात सोडले. इंदूबाईचे सहा दाणे निराळ्या कागदात होते. ती पुडी त्यांनी भुरीबाईच्या हातात दिली आणि बाईचं मत तू टाक म्हणून सांगितलं. याचाही अर्थ कुणाला लागला नाही.

शेल्याला अठ्ठावन्न दाणे पडले, कंदिलाला एकतीस. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. वामनरावांनी नंबर विकत घेतला, असं त्या दिवसापासून गावात म्हटलं जाऊ लागलं आणि पुढंही बरीच वर्षं म्हटलं गेलं. भगवानरावांनी तेवढ्यात शेला आपल्या नावावर मांडून घरी नेला. या बायकांना त्यात एवढं काय दिसलं ते एकदा पाहतोच, असं ते जाता जाता म्हणाले. त्यांना त्यात काय सापडणार नाही, हे वामनरावांना पक्कं ठाऊक होतं.

उन्हं कलली तेव्हा बायका तांड्याकडे निघाल्या. वामनराव नाल्यापर्यंत त्यांच्या मागोमाग गेले. भुरीबाईनं ते पाहिलं आणि ती मागं राहिली. बाकीच्या पुढं गेल्या.

त्यांनी विचारलं, की बाईंची ती गोष्ट पुरी झाली होती की अर्धीच राहिली? भुरीबाई म्हणाली, पुरी झाली होती. मागच्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी तिनं शेवट सांगितला, आणि त्या दिवशी बायका हसल्या नव्हत्या.

“काय शेवट हाय?”

भुरीबाई बांधावर टेकली. कुमुदिनीला एका पुस्तकवाल्याच्या घरी दिलेलं असतं, ती सांगू लागली. कुमुदिनीला अक्षर येत नसतं आणि ती नवऱ्याशी खोटं बोललेली असते. म्हैस सापडली, सासरा सुधारला, पण ही भीती काही तिच्या पोटातून जाईना. आज धरली जाईन, उद्या धरली जाईन. आणि मग एका रात्री नवरा वाचत असताना तिच्या लक्षात येतं, की त्याला पहिल्यापासून माहीत आहे. लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून. बायको लाजेल म्हणून तो बोलत नाही. तिला वाचता येत नाही म्हणूनच तो रोज मोठ्यानं वाचतो. तिथं गोष्ट संपते.

वामनराव मोठ्यानं वाचत, कारण स्वतःचा आवाज त्यांना आवडे. दुसरं काही कारण नव्हतं.

“आमी बाईले विचारलं,” भुरीबाई म्हणाली, “का बाई, मालकाले खरंच मालूम हाय का? तं हासली. म्हणे, सव्वीस वरसं एका घरात राह्यल्यावर माणसाले येवढंबी समजत नाही का? म्हणे, माह्या नवऱ्यासारखा नवरा कोणाले भेटला नसंल.” ती थांबली आणि तिनं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. “त्या दिवशी कापसाच्या खोलीत तुमी बसूनच गेल्ते. तवापासून माह्या जिवाले घोर लागला हाय. तुमाले मालूम होतं नं, मालक?”

तांड्याकडून कुणीतरी भुरीबाईला हाक मारली. ती हलली नाही, उत्तरासाठी थांबून राहिली.

“हाव,” वामनराव म्हणाले. “पयल्या आठोड्यापासून.”

भुरीबाईनं सुस्कारा सोडला, पदर सारखा केला आणि ती नाला उतरून गेली. वामनराव तिथंच उभे राहिले. त्यांना इंदूबाईची क्षमा मागायची होती. पण तिनं त्यांना कशाची क्षमा करायची, हे तिला कधी कळलंच नव्हतं.